एका ओळीचं परीक्षण : 'अथर्व' या नावाचा अर्थ, त्याची लोकप्रियता आणि आपला लिटरेचर रिव्ह्यू



पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारे बरेच जण विचारतात की, 'क्रिटिकल रिव्ह्यू' म्हणजे नक्की काय करायचं? दहा पेपर वाचून दहा परिच्छेद लिहिले की झालं का? नुसती व्याख्या सांगण्यापेक्षा आज एक छोटी नोंद घेऊन तिचं परीक्षण करून दाखवते. नोंद मुद्दाम आपल्या विषयाबाहेरची निवडली आहे, कारण आपल्या विषयातली वाक्यं आपल्याला आधीच खरी वाटत असतात.

बाळाच्या नावांची कुठलीही यादी घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी पुस्तिका असो की मोबाइलवरची यादी, मुलांच्या नावांत 'अ' खाली 'अथर्व' असतंच. त्याच्यासमोर साधारण चार गोष्टी येतात. अर्थाच्या जागी 'गणपती', कधी 'एक वेद', कधी 'स्थिर'. मग रास मेष. मग शुभ अंक. आणि शेवटी हे नाव लोकप्रिय असल्याचा शेरा. एक ओळ, चार विधानं आणि पुरावा एकाचाही नाही. तरीही ही ओळ वाचून सातारा-सांगलीत दरवर्षी कितीतरी बारशी होतात.

आपण चारही विधानं एकेक करून तपासू.

पहिलं विधान : अर्थ

'नावाचा अर्थ काय' हा प्रश्न एक वाटतो, पण त्यात निदान तीन प्रश्न आहेत. शब्द मुळात कशासाठी वापरला गेला? शब्दाची फोड करून पंडितांनी काय अर्थ काढला? आणि आज आईवडील ते नाव कशासाठी ठेवतात? यादीत या तिघांना मिळून एकच रकाना असतो. त्यामुळे एका यादीत 'गणपती' आणि दुसरीत 'स्थिर' दिसलं की आपण म्हणतो, दोन्ही बरोबर असतील. वास्तविक ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. मूळ शब्द 'अथर्वन्'. ऋग्वेदात अथर्वा हा प्राचीन पुरोहित म्हणून येतो, मंथन करून अग्नी काढणारा. दध्यच् म्हणजे पुढे ज्याला आपण दधीची म्हणतो, तो याचाच मुलगा. अथर्ववेदाला नाव मिळालं ते या पुरोहिताच्या कुळावरून. इराणच्या अवेस्तामध्येही याच शब्दाचं भावंड पुरोहित याच अर्थानं सापडतं. म्हणजे 'पुरोहित' हा अर्थ दोन स्वतंत्र परंपरांमधून मिळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या प्रयोगशाळांमध्ये एकच निकाल आला. हा पुरावा मजबूत आहे.

यापलीकडे, अवेस्तात आगीला 'आतर्' म्हणतात म्हणून अथर्वन् म्हणजे 'अग्नीचा पुरोहित' अशी जुनी व्युत्पत्ती दिली जाते. ऐकायला अगदी पटते. पण आजचे सगळे भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. हा शब्द मध्य आशियातल्या एखाद्या जुन्या भाषेतून भारतीय-इराणी लोकांनी उचलला असावा, असंही मत आहे. इथे लक्षात ठेवा की, शब्दाचा वापर माहीत असणं आणि शब्दाचा उगम माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापर पक्का आहे, उगम वादात आहे. चांगला रिव्ह्यू ही दोन वाक्यं वेगवेगळ्या आवाजात लिहितो.

आता 'स्थिर'. हा अर्थ येतो यास्काच्या निरुक्तातून. तिथे 'थर्व्' म्हणजे हलणं, चालणं, आणि 'अ' लागून त्याचा नकार, म्हणून अथर्वन् म्हणजे न ढळणारा, अशी फोड आहे. आपल्याकडे अथर्वशीर्षाचा अर्थ सांगताना हीच फोड सांगतात. थर्व म्हणजे चंचल, अथर्व म्हणजे शांत, शीर्ष म्हणजे डोकं. पण 'थर्व्' हा धातू निरुक्ताबाहेर प्रत्यक्ष वापरात दाखवा म्हटलं तर पंचाईत होते. म्हणजे 'अथर्वन्'चा अर्थ सिद्ध करायला 'थर्व्' धातू हवा, आणि 'थर्व्' धातू आहे कशावरून, तर 'अथर्वन्' शब्द आहे म्हणून. हे वर्तुळ ओळखायला शिका. पेपरमध्ये हे असं दिसतं : अमुक मॉडेल बरोबर आहे कारण डेटा जुळतो, आणि डेटा निवडला कसा, तर मॉडेलशी जुळणारा.

यात यास्काला हसण्यासारखं काही नाही. प्रत्येक नाम कुठल्या ना कुठल्या क्रियापदापासून आलं असणार, हे त्यांच्या शाखेचं गृहीतक होतं आणि त्या चौकटीत ते प्रामाणिकपणे काम करत होते. चूक आपली होते, जेव्हा आपण गृहीतक गाळून फक्त निष्कर्ष पुढे पाठवतो.

आणखी एक गंमत आहे. मूळ शब्द अथर्वन्, त्याची प्रथमा अथर्वा. मराठीत असे शब्द आपण सहसा प्रथमेच्या रूपात घेतो. राजन् चं राजा, आत्मन् चं आत्मा. त्या हिशेबानं मुलगा 'अथर्वा' व्हायला हवा होता. 'अथर्व' हे रूप समासात येतं, अथर्ववेद, अथर्वशीर्ष. म्हणजे आपल्या गल्लीतला अथर्व थेट ऋषीकडून आलेला दिसत नाही. तो जोडशब्दाचा पहिला तुकडा सुटून आला असावा, हेच जास्त संभवतं. कुठल्या जोडशब्दाचा? त्याचं उत्तर पुढच्या भागात आहे.

गणपती कुठून आला?

अथर्वशीर्ष म्हटलं की आपल्याला गणपतीच आठवतो. पण अथर्वशीर्षं पाच आहेत असं परंपरा सांगते : गणपती, देवी, सूर्य, नारायण आणि रुद्र. शिवाय गणपती अथर्वशीर्षाच्या शेवटाकडे हे अथर्वणाचं वाक्य आहे अशी नोंद येते. म्हणजे मजकूर स्वतःच सांगतो की अथर्वण हा बोलणारा आहे आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो गणपती. बोलणाऱ्याचं नाव ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला लागलं, हा अर्थाचा प्रवास आहे.

हा प्रवास आपल्या भागात सहज समजतो. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान, आणि गणपती हे तिथलं आराध्य दैवत. कृष्णेकाठचं गणपती मंदिर ही शहराची ओळख आहे. तासगावला गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथ निघतो. वाईला कृष्णेच्या घाटावर रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती आहे. गणेशोत्सवात ठिकठिकाणी सामुदायिक पठण होतं. ज्या घरात अथर्वशीर्ष कानावर पडतं ते गणपतीसमोर पडतं, त्या घरात 'अथर्व' हा शब्द गणपतीचा होणारच.

मग 'अथर्व म्हणजे गणपती' हे चूक की बरोबर? शब्दाचा मूळ वापर म्हणून चूक. सांगलीतल्या एखाद्या आईनं संकष्टीला जन्मलेल्या मुलाला हे नाव ठेवलं असेल, तर तिच्या घरापुरतं ते शंभर टक्के बरोबर. नावाला कोशातला अर्थ असतो, तसा प्रसंगातला अर्थही असतो. मालोजी भोसल्यांनी शाह शरीफ या पीराच्या कृपेची आठवण म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. आता 'शहाजी'चा अर्थ कोशात शोधला तर फार तर 'शाह म्हणजे राजा' एवढं मिळेल. त्या नावात एका कुटुंबाचा नवस आहे हे कोश सांगणार नाही.

याद्यांवरचा माझा आक्षेप म्हणूनच 'गणपती' या उत्तरावर नाही. आक्षेप असा की हा अर्थ कोणाचा, केव्हाचा, कशावरून, हे तिथे कधीच लिहिलेलं नसतं. एक यादी दुसरीवरून घेते, दुसरी तिसरीवरून. दहा याद्यांत एकच अर्थ दिसला म्हणून दहा पुरावे झाले असं वाटतं, प्रत्यक्षात पुरावा एकच असतो किंवा एकही नसतो. आपल्याकडे पेपर न वाचता त्यातला रेफरन्स उचलायची जी सवय आहे, ती हीच.

तपासायला साधनं नाहीत असंही नाही. याच शब्दाची साधनं आपल्या जिल्ह्यात तयार झाली आहेत. साताऱ्याच्या औंध संस्थानात पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ चालवलं आणि वेदसंहिता छापल्या, त्यात अथर्ववेदही होता. १९४८ नंतर ते गुजरातेत पारडीला गेले. त्याआधी शंकर पांडुरंग पंडितांची सायणभाष्यासहितची अथर्ववेदाची आवृत्ती मुंबईत १८९५ ते १८९८ दरम्यान निघाली होती. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईत बसून जो मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याच्या १९७६ च्या पहिल्याच खंडात 'अ'च्या नोंदी आहेत. 'अथर्व' तपासायला परदेशी विद्यापीठाचा लॉगिन लागत नाही. एसटीनं वाईला जाता येतं, आणि आता तर विश्वकोश मोबाइलवरही उघडतो.

दुसरं आणि तिसरं विधान : रास आणि अंक

रास मेष. हे कुठून आलं? पंचांगात प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं दिलेली असतात. कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं अक्षर 'अ', आणि तो चरण मेष राशीत मोजतात. म्हणून त्या चरणावर जन्मलेल्या मुलाचं जन्मनाव 'अ' वरून ठेवायचा प्रघात आहे.

इथे बाणाची दिशा बघा. जन्मवेळ, त्यावरून रास, त्यावरून अक्षर, त्यावरून नाव. यादी हा बाण उलटा फिरवते : नाव अथर्व, म्हणून रास मेष, आणि पुढे जाऊन म्हणून स्वभाव असा असा. पण आपल्याकडे बहुतेक घरांत पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं. एखादा अथर्व पत्रिकेत 'दामोदर' असू शकतो. रास मानायची की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यात मी पडत नाही. पण श्रद्धेच्या स्वतःच्या नियमांनीसुद्धा नावावरून रास काढणं बसत नाही. 'अ असेल तर ब' यावरून 'ब आहे म्हणजे अ असणार' असं म्हणता येत नाही, हे आपण अकरावीत शिकलो. तरीही प्रबंधांत ही चूक सर्रास सापडते. मलेरियात ताप येतो, म्हणून ताप आलेला प्रत्येक जण मलेरियाचा रुग्ण, असं कोणी लिहिलं तर आपण हसू. बायोमार्करच्या भाषेत तेच लिहिलं की छापून येतं.

शुभ अंकाची अडचण वेगळी आहे. तो रोमन स्पेलिंगच्या अक्षरांवरून काढतात. देवनागरीत अथर्व एकच. रोमनमध्ये शेवटी 'ए' लावून किंवा न लावून लिहितात, कोणी शेवटी दोन 'ए' लावतात, कोणी 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'. स्पेलिंग बदललं की अंक बदलतो. म्हणजे मोजमाप ज्या वस्तूचं आहे असं सांगितलं जातं, तिचं ते नाहीच, ते एका लिप्यंतराचं आहे.

हे नुसतं गमतीचं राहत नाही. अंक जुळावा म्हणून जन्मदाखल्यावर एक 'ए' वाढवायचा, शाळेत बाईंनी नेहमीसारखं लिहायचं, आधारवर तिसरंच. मग दहावीचं मार्कशीट, जातपडताळणी, शिष्यवृत्ती, नेटचा फॉर्म, प्रत्येक ठिकाणी नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकतो. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, आणि पुन्हा सगळ्या कार्यालयांच्या चकरा. यादीतल्या एका रकान्याची किंमत वीस वर्षांनी मुलगा भरतो. तुमच्यापैकी ज्यांनी हे भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको.

चौथं विधान : लोकप्रिय

हा भाग आपल्या कामाचा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

लोकप्रिय म्हणजे काय? एखाद्या वर्षी जन्मलेल्या मुलांपैकी किती टक्के मुलांना हे नाव मिळालं, हा साधा सरळ अर्थ झाला. म्हणजे अंश हवा आणि छेदही हवा. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं कार्यालय १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नावनिहाय आकडेवारी खुली ठेवतं, आणि पाचपेक्षा कमी वेळा आलेली नावं गोपनीयतेसाठी वगळतं. भारतात अशी नावनिहाय वार्षिक सारणी लोकांसाठी प्रसिद्ध होत नाही. मग आपल्या याद्यांतला 'लोकप्रिय' कशावरून? बहुतेक वेळा किती लोकांनी ते नाव शोधलं किंवा त्यावर बोट दाबलं यावरून. पण शोधणाऱ्यांत नाव ठेवणारे असतात, ठेवलेल्या नावाचा अर्थ बघणारे असतात, आणि अथर्वा नावाच्या तमीळ नटाचे चाहतेही असतात. शोध मोजून जन्म मोजल्याचा दावा करणं ही व्हॅलिडिटीची चूक आहे : जे मोजायचं होतं ते सोडून जे मोजता आलं ते मोजलं.

समजा आपण म्हटलं, आपणच मोजू. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे घेऊ. कुठला डेटा वापरणार?

जन्मनोंदणी? जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो, पण १९६९ च्या कायद्यानुसार नावाशिवायही नोंद होते आणि नाव नंतर भरता येतं, अगदी पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे ताज्या वर्षाच्या नोंदीत कितीतरी रकाने कोरे. शिवाय नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. मिरज ही दवाखान्यांची पेठ, बेळगाव-अथणी बाजूच्या बायका तिथे बाळंतपणाला येतात, त्यांची बाळं मिरजेच्या नोंदीत. उलट विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेले. त्यांची मुलं तमीळनाडूत किंवा केरळात जन्मली तर ती नोंद तिकडे. जावळी-पाटणची कितीतरी कुटुंबं मुंबई-नवी मुंबईत. मग 'सांगलीतली नावं' म्हणजे सांगलीत जन्मलेल्यांची की सांगलीकरांची? हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, एक्सेल नंतर उघडायचं.

दहावीच्या याद्या? राज्य मंडळाचा कोल्हापूर विभाग म्हणजे नेमके कोल्हापूर, सांगली आणि सातारा. सोय छान आहे. पण दहावीची यादी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची पसंती दाखवते. तिच्यात सीबीएसईची मुलं नाहीत, आणि मधेच शाळा सोडलेली नाहीत. मतदारयादी त्याहून मागे, कारण तिथे १८ वर्षांखालचं कोणीच नाही. म्हणजे प्रत्येक साधनाला स्वतःचा उशीर आहे आणि स्वतःची गाळणी आहे. दोन साधनांचे आकडे शेजारी ठेवून 'वाढ झाली' म्हणायच्या आधी हा उशीर वजा करावा लागतो.

राहिलं आपलं निरीक्षण. 'अहो, आमच्या पोराच्या वर्गात दोन अथर्व आहेत!' समजा वर्गात ६० मुलगे आहेत आणि त्यात दोन अथर्व. प्रमाण ३.३ टक्के. हा वर्ग यादृच्छिक नमुना आहे असं गृहीत धरलं, तरी ९५ टक्के विश्वासांतर साधारण १ टक्क्यापासून ११ टक्क्यांपर्यंत पसरतं. म्हणजे नाव शंभरात एकाचं असू शकतं किंवा दर नऊ-दहा मुलांत एकाचं. आणि वर्ग यादृच्छिक नसतोच. एकाच पेठेतली, एकाच आर्थिक थरातली मुलं एका शाळेत जातात, आणि शेजारच्याचं आवडलं म्हणून तेच नाव ठेवलेलं असतं. शिवाय वर्गात दोन अथर्व असले की लक्षात राहतात, शून्य असले तर कोणी घरी येऊन सांगत नाही.

हा शेवटचा मुद्दा वहीत लिहून ठेवा. 'नाही सापडलं' ही नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून 'सापडलं' हे नेहमी जास्त वाटतं. न छापलेल्या निगेटिव्ह रिझल्टची अडचण हीच आहे.

यादीत जी नावं नाहीत

आतापर्यंत यादीत काय लिहिलंय ते तपासलं. परीक्षणाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे काय लिहिलेलं नाही ते बघणं.

म्हसवडचा आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, आरेवाडीचा बिरोबा, ही आपल्या दोन जिल्ह्यांतली दैवतं. त्यांच्यावरून सिदू, नाथा, खंडू, मल्हारी, बिरू अशी नावं पिढ्यान् पिढ्या ठेवली गेली. 'आधुनिक मराठी नावं' असं शीर्षक असलेल्या याद्यांत यातलं एखादं 'मल्हार' होऊन येतं, बाकीची येत नाहीत. आधी झालेली मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये, देवानं मागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा ठेवायचे. शब्दाचा अर्थ दगड, केर. ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थ : हा तरी जगू दे. यादीतल्या 'अर्थ' या रकान्यात हे मावत नाही, म्हणून ही नावंच गळतात.

आणि नकुसा. सलग मुली झाल्या की पुढच्या मुलीला हे नाव पडायचं, नको असलेली. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ ला अशा सुमारे २८५ मुलींना समारंभपूर्वक नवीन नावं देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दगडू आणि नकुसा, दोन्ही नावं कोशात वाईटच दिसतात. पण एकात मुलगा जगावा म्हणून धडपड आहे आणि दुसऱ्यात मुलगी नको ही तक्रार. कोशातला अर्थ घेऊन बसलो तर हा फरक दिसणारच नाही.

याचा 'अथर्व'शी संबंध आहे. अथर्ववेदात रोग बरे व्हावेत, आयुष्य वाढावं, घर बांधताना विघ्न येऊ नये, अशी माणसाच्या रोजच्या काळजीची सूक्तं आहेत. आणि त्याच संहितेत, सहाव्या कांडाच्या अकराव्या सूक्तात, मुलीचा जन्म दुसरीकडे होवो आणि इथे मुलगा होवो अशा आशयाची मागणीही आहे. नावांच्या यादीत 'एक वेद' असा अर्थ लिहिला की मागे फक्त तेज उरतं. संशोधकानं ग्रंथ उघडला तर दोन्ही दिसतं. म्हणून कोणी नाव बदलावं असं मी अजिबात म्हणत नाही. नाव छान आहे, आणि कुठलाही प्राचीन ग्रंथ त्या त्या काळाच्या माणसांचा असतो. पण ज्याला अभ्यास करायचाय त्याला निवडून घेतलेला चांगला भाग पुरणार नाही.

मग याद्या टाकाऊ का?

नाही. यादीचं खरं काम पर्याय समोर ठेवणं. बाळंतिणीच्या खोलीत बसून आत्या, मावशी, आजी नावं वाचतात, कानाला कुठलं गोड लागतं ते बघतात, आडनावाबरोबर म्हणून पाहतात. हे काम यादी उत्तम करते. संग्रह म्हणून तिला मी चांगले गुण देईन. कोश म्हणून काठावर पास, कारण कधीकधी उत्तर बरोबर असलं तरी ते का बरोबर आहे हे तिला सांगता येत नाही. आणि सांख्यिकी म्हणून नापास.

दोष यादी करणाऱ्याचा जेवढा, तेवढाच तिचा आपण जो वापर करतो त्याचाही आहे. संग्रहाला आपण पुरावा मानतो. सर्च इंजिनच्या पहिल्या पानाला लिटरेचर मानणारे आपण सगळे थोडेफार त्याच रांगेत आहोत.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याला हे पाच प्रश्न विचारा.

१. हे वाक्य नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? एका रकान्यात तीन प्रश्न कोंबलेले नाहीत ना?

२. पुरावे दहा आहेत की एकाच्याच दहा नकला आहेत? मूळ स्रोतापर्यंत जाऊन या.

३. पुरावा आणि निष्कर्ष एकमेकांच्या खांद्यावर तर उभे नाहीत?

४. टक्केवारीचा छेद काय? त्यात कोण आलं नाही?

५. बाण कुठल्या दिशेनं आहे, आणि लेखकानं तो गुपचूप उलटा तर केला नाही?

सरावासाठी एक काम देते. तुमच्या स्वतःच्या नावाची नोंद कुठल्याही यादीत काढा. आधी घरात विचारा की हे नाव कोणी सुचवलं आणि का. मग कोश बघा. मग यादीतला अर्थ या दोन्हींशी ताडून एक पानभर लिहा. शेवटी 'लोकप्रिय' असा शेरा असेल तर तो तपासायला तुम्ही कुठला डेटा, कुठल्या वर्षाचा, कुठल्या तालुक्याचा घ्याल, आणि त्यात कोण सुटेल, ते चार ओळींत लिहा. हे पान जमलं तर तुमच्या विषयातल्या पेपरचं परीक्षणही जमेल. तिथे शब्द अवघड असतात, प्रश्न हेच असतात.

पुढच्या लेखात सॅम्पल साइझ ठरवायची गणितं घेऊ. वर्गातले ते ६० मुलगे तिथे परत लागतील.